बालरोगच्या रांगेत मोठी, मोठ्यांच्या रांगेत लहान! १० ते १९ वयाच्या पोरांनी दवाखान्यात जायचं कुठं?

सोलापूर : बाळ आजारी पडलं तर कुठं न्यायचं, हे गावात कुणालाही विचारा, सांगेल. म्हाताऱ्या माणसाची बीपी-शुगरची गोळी कुठं मिळते, तेही ठरलेलं असतं. गरोदर बाईची नोंद तर आशाताई घरी येऊन करते. पण चौदा वर्षांच्या मुलीला तीन-चार महिने पाळीच आली नाही, किंवा सोळा वर्षांचा मुलगा रात्रभर जागा राहतोय, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, तर न्यायचं कुठं? इथं घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. बालरोगतज्ज्ञाच्या रांगेत ही पोरं फार मोठी दिसतात आणि मोठ्यांच्या ओपीडीत फार लहान.

हा प्रश्न चार-दोन घरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात १० ते १९ वयाची मुलं-मुली २५ कोटींच्या वर होती. म्हणजे दर पाच माणसांमागं एक. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ४३ लाख १७ हजार होती. साधारण तेच प्रमाण धरलं तर अकरा तालुक्यांत मिळून आठ ते नऊ लाख पोरं या वयाची भरतात. एवढ्या लोकांसाठी सरकारी दवाखान्यात वेगळी सोय आहे का? कागदावर आहे. अडचण पुढं सुरू होते.

योजना आहे, नावही चांगलं आहे

केंद्र सरकारनं ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याआधी किशोरांच्या आरोग्याचा विचार बहुतेक पाळी, गरोदरपण आणि गुप्तरोग एवढ्यापुरताच व्हायचा. नव्या कार्यक्रमात सहा गोष्टी धरल्या : पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, अपघात व हिंसा, व्यसन, आणि पुढं जाऊन होणारे बीपी-शुगरसारखे आजार. या कार्यक्रमाचा दवाखान्यातला भाग म्हणजे किशोरांसाठीचं वेगळं क्लिनिक. महाराष्ट्रात त्याला ‘मैत्री’ असं नाव मिळालं. समुपदेशक पोराशी एकट्यानं बोलेल, गरज असेल तर डॉक्टरकडं पाठवेल आणि झालेलं बोलणं बाहेर जाणार नाही, अशी ही कल्पना.

याच्या जोडीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी हाही याच वयाच्या आरोग्याचा भाग. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालयात तपासणी व उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे नाहीत.

म्हणजे गोळी आहे, पथक आहे, क्लिनिकचं नाव आहे आणि पैसेही लागत नाहीत. तरी गावातल्या दहा पालकांना ‘मैत्री क्लिनिक म्हणजे काय’ असं विचारून बघा. किती जण सांगतील?

वेळ, ओळख आणि सोबत

पोरं दवाखान्याची पायरी का चढत नाहीत, याची कारणं आजारात कमी आणि व्यवहारात जास्त आहेत.

पहिलं कारण वेळ. सरकारी ओपीडी मुख्यतः सकाळची. शाळा-कॉलेज त्याच वेळी. शाळा बुडवून जायचं तर मास्तरांना कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायचं नाही म्हणूनच तर पोरगी आतापर्यंत गप्प असते.

दुसरं कारण ओळख. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात केसपेपर काढणारा ओळखीचा, सिस्टर आईच्या माहेरची, बाकावर बसलेल्या बायांमध्ये चुलती. अंगावरून पांढरं जातंय, हे तिथं मोठ्यानं कसं सांगायचं? मुलांचंही तेच. मावा सुटत नाही म्हणून समुपदेशकाकडं जायचं तर बाहेर आल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘काय रे, तू इथं कसा?’ राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण मावा-गुटख्याची पुडी पोरांच्या खिशात आजही सापडते. खिशातून पुडी काढायला त्याला लाज वाटत नाही, ती सुटत नाही हे सांगायला वाटते.

तिसरं कारण सोबत. मुलीला एकटीला कुणी पाठवत नाही. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण आईचा दिवसाचा रोज बुडतो त्याचं काय? करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढं. सिव्हिलला जायचं म्हटलं की अख्खा दिवस गेला. म्हणून ‘बघू पुढच्या महिन्यात’ असं होतं, आणि पुढचा महिना सुगीचा निघतो.

किशोरांसाठीच्या सेवेत मशिनरीपेक्षा या तीन गोष्टी मोठ्या आहेत. यासाठी एमआरआय लागत नाही. दार लावता येईल अशी एक खोली, शाळा सुटल्यावरचा तास-दोन तास आणि ऐकून घेणारा एक माणूस एवढ्यानं सुरुवात होते.

निळ्या गोळीचं काय होतं?

एक साधं उदाहरण रक्त कमी असण्याचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला. त्याच वयाच्या मुलांमध्येही तो ३१ टक्के होता. ‘पोरांना काय होतंय’ हा समज इथंच खोटा ठरतो.

या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. दम लागणं, अभ्यासात लक्ष न लागणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, पाय ओढल्यासारखे होणं ही त्याची खूण. पण घरात त्याला ‘आळस’ म्हणतात.

निळी गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची असते. ती जेवल्यावर घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, मग वर्गात दोघी-चौघींना उलटी होते आणि गावभर ‘गोळीनं पोरी आजारी पडल्या’ अशी बातमी जाते. गोळीमुळं शौचाला काळं होतं, ते घाबरण्यासारखं नसतं. गोळीवर लगेच चहा पिला तर लोह अंगी कमी लागतं. लिंबू, आवळा, पेरू सोबत असेल तर जास्त लागतं. एवढं मास्तरांनी किंवा आशाताईनं दोन मिनिटांत सांगितलं तर पोरी गोळी दप्तरात टाकून देणार नाहीत.

आणखी एक गैरसमज आपल्या भागातला. डाळिंब खाल्लं की रक्त वाढतं म्हणतात. सांगोल्याचं डाळिंब जरूर खावं, पण त्यात लोह फार थोडं असतं. त्यापेक्षा हुलगा, मटकी, पालेभाजी, तीळ आणि बाजरीची भाकरी रोजच्या ताटात असणं जास्त कामाचं. आणि हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर आठवड्याच्या एका गोळीवर भागत नाही, डॉक्टरांकडून पूर्ण उपचार घ्यावा लागतो.

गोळी शाळेत मिळते, ही सोय आहे आणि मर्यादाही. शाळा सुटलेल्या मुलींना ती अंगणवाडीतून मिळायला हवी. पण आई-बापासोबत सहा-सहा महिने ऊसतोडीला गेलेली पोरगी ना शाळेच्या यादीत हजर, ना अंगणवाडीच्या. ज्यांना गरज जास्त, त्याच यादीतून सुटतात.

शंभरातल्या चाळीस पोरी

आता सगळ्यात अवघड मुद्दा. त्याच सर्वेक्षणात सोलापूर जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी सुमारे ४० टक्के जणींचं लग्न १८ पूर्ण होण्याआधीच झालेलं होतं. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपला जिल्हा राज्याच्या जवळजवळ दुप्पट. परभणी, बीड, धुळ्यासोबत आपलं नाव वरच्या रांगेत आहे.

किशोर आरोग्याचं बोलताना हा आकडा बाजूला ठेवून चालत नाही. सोळा वर्षांची मुलगी सासरी गेली की ती शाळेच्या यादीतून जाते, निळ्या गोळीतून जाते, शाळेतल्या तपासणीतून जाते. दवाखान्याच्या वहीत ती पुन्हा उगवते ती थेट ‘गरोदर माता’ म्हणून. मधल्या काळात तिचं वजन, रक्त, मन, इच्छा कुणी विचारलेली नसते. या वयातल्या बाळंतपणात रक्तक्षय, बीपी वाढणं, बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी होणं हे धोके वाढतात, कारण आईचं अंगच अजून वाढत असतं.

कायद्याची भीती आणि उपचाराचा हक्क

इथं एक गाठ बसली आहे, तिच्यावर उघड बोलायला हवं. बालविवाह हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितलं की बायको १८ च्या आतली असेल तर तिच्याशी नवऱ्याचे शरीरसंबंधही बलात्कारच. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं अशी गोष्ट कळली तर डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हाही गुन्हा.

कायदा पोरीच्या संरक्षणासाठी आहे, यात वाद नाही. पण घरच्यांना हे कळलेलं असतं, म्हणून ते अल्पवयीन गरोदर पोरीला सरकारी दवाखान्यातच आणत नाहीत. वय वाढवून सांगतात, आधार कार्ड ‘घरी राहिलं’ म्हणतात, नोंद लांबवतात, लांबच्या एखाद्या खासगी ठिकाणी नेतात. शिक्षा मोठ्यांना व्हायची भीती, आणि उपचार चुकतात पोरीचे.

म्हणून दोन गोष्टी प्रत्येक घरानं लक्षात ठेवाव्यात. एक, पोलिसांत कळवणं वेगळं आणि उपचार वेगळे. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार तातडीच्या उपचारासाठी आधी पोलिसांचा किंवा कोर्टाचा कागद आणा, असं डॉक्टर म्हणू शकत नाही. दोन, गर्भपाताबाबत सुप्रीम कोर्टानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अल्पवयीन मुलींना आधार दिला आहे. कायदेशीर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती मात्र लागते, आणि २४ आठवड्यांपर्यंतची मुदत नियमात आहे. चोरून केलेल्या उपायात जीव जाण्याची भीती असते, हे माहीत असूनही लोक तिकडं वळतात, कारण सरळ वाट त्यांना कुणी सांगितलेली नसते.

लग्नच थांबवायचं तर तक्रार कुठं? गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर दिवसरात्र चालतो.

बार्शीनं दाखवलेली वाट

खेड्यातले लोक तपासणीला येत नाहीत, ही ओरड जुनी. ती खोटी आहे, हे याच जिल्ह्यानं दाखवून दिलंय. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. देशातली अशी ही पहिली ग्रामीण नोंदणी. मुंबईचं टाटा रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय संस्थेसोबत याच रुग्णालयानं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ४९७ गावांतल्या एक लाख ३१ हजारांहून जास्त बायांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी झाली तरी या कर्करोगानं होणारे मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यातून जगाला कळलं.

किशोरवयीन मुलींचाही यात वाटा आहे. एचपीव्ही लसीच्या देशव्यापी अभ्यासात नऊ केंद्रं होती, त्यात बार्शी एक. १० ते १८ वयाच्या मुलींना लस दिली जात होती. २०१० मध्ये सरकारनं असे अभ्यास थांबवले, त्यामुळं बऱ्याच मुलींना एकच डोस मिळाला. त्यांची दहा वर्षं विचारपूस ठेवल्यावर दिसलं की एका डोसनंही चांगलं संरक्षण मिळतं. पुढं २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसलाही मान्यता दिली, तेव्हा असल्याच अभ्यासांचा आधार होता. ही लस ९ ते १४ या वयात जास्त लागू पडते. आणि कमी वयात लग्न, कमी वयात बाळंतपण यानं हाच कर्करोग होण्याची शक्यता वाढते. चाळीस टक्क्यांचा आकडा असलेल्या जिल्ह्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

यातून घेण्यासारखं एवढंच : आरोग्य कर्मचारी गावात गेल्या, विश्वासानं बोलल्या, पुन्हा पुन्हा गेल्या, म्हणून बाया आल्या. किशोरांच्या सेवेलाही हीच वाट लागू आहे. पोरांनी क्लिनिक शोधत यायची वाट बघण्यापेक्षा क्लिनिकनं शाळेपर्यंत, कॉलेजपर्यंत यावं.

अठरा पूर्ण झाली की पुढं काय?

दुसरी फट वयाची आहे. जन्मजात हृदयदोष, थॅलेसेमिया, लहानपणापासूनची इन्सुलिनवरची शुगर, फिट्स येणं असे आजार घेऊन पोरं मोठी होतात. आज उपचार सुधारल्यामुळं ती जगतात, ही आनंदाची गोष्ट. पण बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ ला संपतो, किशोर कार्यक्रम १९ ला. जे बालरोगतज्ज्ञ पोराला नावानं ओळखत होते, त्यांची ओपीडी सुटते आणि मोठ्यांच्या विभागात तो नव्यानं केसपेपर काढतो. जुन्या फायली नसतात. त्यातच बारावी, पुण्याला कामाला जाणं, लग्नाची बोलणी. कुणाला सांगायला नको म्हणून इन्सुलिन चुकवली जाते, फिट्सच्या गोळ्या बंद होतात आणि वर्षभरात पोरगं ॲडमिट.

जगात अनेक ठिकाणी यासाठी सतरा-अठराव्या वर्षी मुलाला हळूहळू नव्या डॉक्टरकडं सोपवण्याची पद्धत आहे. आपल्याकडं सिव्हिलसारख्या मोठ्या रुग्णालयात बालरोग आणि मेडिसिन हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात. जुन्या डॉक्टरांची आजाराचा सगळा इतिहास लिहिलेली एक चिठ्ठी आणि नव्या डॉक्टरांशी एक भेट, एवढं झालं तरी मोठा फरक पडेल. पालकांनी ही चिठ्ठी हक्कानं मागावी.

मनाचं दुखणं

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांच्या अहवालांत विद्यार्थ्यांच्या आत्महत्या सर्वांत जास्त महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या. निकालाच्या दिवसांत गावोगाव धास्ती असते ती उगाच नाही. ‘टेन्शन घेऊ नको’ असं म्हणून हे सुटत नाही. पोरगं एकदम गप्प झालं, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, ‘मी नसलो तर बरं होईल’ असं बोललं, तर ते नाटक समजू नये. त्याच्याजवळ बसावं, ओरडू नये, त्याला एकटं सोडू नये आणि मदत घ्यावी. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आहे. मराठीत बोलता येतं, साध्या फोनवरून लागतं. असा प्रयत्न झालेल्या माणसावर केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला उशीर करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला तीव्र ताणाखाली असलेला रुग्ण मानलं आहे.

गावानं काय मागायचं?

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी मुंबईहून निधी येण्याची वाट बघावी लागत नाही. ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत पुढचे प्रश्न विचारता येतात :

- आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मैत्री क्लिनिक कोणत्या दिवशी, किती ते किती चालतं? तो फलक शाळेच्या भिंतीवर लावा.
- आठवड्यातून निदान एक दिवस शाळा सुटल्यावरची वेळ ठेवता येईल का?
- समुपदेशकाला दार लागणारी खोली आहे का? मुलींसाठी बाई समुपदेशक आहे का?
- २०२० पासूनच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेत एक शिक्षक आणि एक शिक्षिका आरोग्यदूत म्हणून नेमायचे आहेत. आपल्या शाळेत ते कोण? आठवड्याचा तास होतो का?
- शाळा सोडलेल्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मुलींची वेगळी यादी आशाताईंकडं आहे का?

घरात करायचं काम याहून सोपं आणि याहून अवघडही. दवाखान्यात डॉक्टर पोराशी बोलायला लागले की आई-बापानं पाच मिनिटं बाहेर बसावं. सगळं आपल्यासमोरच बोललं पाहिजे हा हट्ट सोडला, तर निम्मं दुखणं तिथंच बाहेर पडतं. पोरानं काय सांगितलं हे नंतर खोदून विचारू नये. त्याला वाटलं की तोच सांगेल.

पंढरपूर, अकलूज, करमाळ्याला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, सोलापुरात सिव्हिल आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे, बार्शीत जगाला धडा देणारं कर्करोग रुग्णालय आहे. जिल्ह्यात दवाखान्यांचा तुटवडा आहे म्हणून ही पोरं मागं राहिली, असं म्हणता येणार नाही. त्यांच्या वेळेला उघडणारं आणि त्यांचं गुपित राखणारं दार तेवढं हवंय. लग्न, नोकरी, शिक्षण सगळं याच दहा वर्षांत ठरतं. तब्येतीचंही याच वयात ठरतं, ते मात्र आपण देवावर सोडलेलं आहे.